औषध पाजलेल्या फळ्या

माझी बायको मेली. लोक ‘गेली’ म्हणतात, मला तसं बोलायला जमत नाही. गेलेलं माणूस परत येतं. ही येते ती फक्त दुपारी, माझा डोळा लागला की. आणि दर वेळी तेव्हाचीच असते, रहाटणीच्या आमच्या घराच्या ओट्यावर उकिडवी बसलेली, हातात पाण्याची वाटी.

तेव्हा पिंपरीच्या माळावर कारखाना उठत होता आणि साहेबांचे बंगले. मी तिथं बिगारी. बंगल्यांच्या व्हरांड्याला लावायच्या फळ्या लांबून यायच्या, हिरवट आणि जड. सुतार सांगायचा, यांना लोखंडी टाकीत कोंडून दाबानं औषध पाजलंय, वाळवी तोंड लावणार नाही. उरलेल्या फळ्या साहेबानं मला न्यायला सांगितल्या.

मी म्हटलं, दार करू. ती म्हणाली, “दार नगं. ओटा करा. आबांना बसाया.”

आबा म्हणजे तिचा बाप, चाकणच्या पलीकडचा शेतकरी. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही चाल तेव्हा होतीच. म्हातारा त्याहून कडक, उंबरासुद्धा ओलांडायचा नाही. लग्नानंतर एकदाच आला. उन्हात उभ्या उभ्या लेकीला बघितलं आणि आल्या पावली निघाला. त्या दिवशी ती जेवली नाही. आता निरोप आला होता, आखितीच्या सणाला येतो.

ओटा मी ठोकला. जवसाच्या तेलात काव, तांबडी माती, कालवली आणि एक फळी रंगवून टाकली. आठवडा झाला तरी बोटं चिकटायची. सुतार हसला. “राव, औषधानं पोट भरलंय तिचं, तेल कुठं घेईल? वाळू दे की. पाणी शिंपडून बघ. थेंब वर बसले तर थांब, जिरले तर लाव.”

मला कुठला धीर! ते काम तिनं घेतलं. सकाळी अंगणात सडा झाला की वाटीत पाणी घेऊन यायची, बोटं बुडवून एकेका फळीवर शिंपडायची आणि बघत राहायची. मी अंथरुणातून बघायचो. कोवळ्या उन्हात हिरव्या लाकडावर थेंब लखलखत बसलेले, आणि ती श्वास धरून. अर्धवट झोपेत मला वाटायचं, ती आणि तो ओटा पाण्यावर तरंगतायत.

बाहेरच्या, उन्हातल्या फळ्यांनी पाणी घेतलं. त्या तिनं रंगवल्या, वाळल्याही. उंबऱ्यालगतच्या सावलीतल्या काही केल्या घेईनात. आखिती उद्यावर आली.

“रंग फासून टाक आता सगळ्याला,” मी म्हणालो. “अर्धा ओटा लाल, अर्धा हिरवा. म्हातारा हसंल.”

“हसू द्या. धोतर चिकटलं तर उठून जातील, आन् परत यायचे न्हाईत.”

सासरे आले. ओट्याकडं बघून म्हणाले, “जावईबापू, निम्म्यातच दमला व्हय?”

“मामा, तेल संपलं,” मी थाप मारली. आतून तिचं हसू ऐकू आलं.

लाल फळ्या ओलांडून ते उंबऱ्याशी, कोऱ्या फळ्यांवर बसले. स्वतःची भाकरी सोडली, स्वतःच्या चंबूतलं पाणी प्यायले. ती उंबऱ्याच्या आत ताट घेऊन बसली. मधे नुसता उंबरा. बोलणं फार नाही. बैल, विहीर, आईचे गुडघे. मग म्हातारा पटका उशाला घेऊन तिथंच लवंडला आणि घोरायला लागला.

ती हलली नाही. आतूनच हात लांब करून पदरानं माशा वारत राहिली. ऊन लाल फळ्यांवरून हळूहळू सरकत गेलं. तेलाचा वास, पदराची सळसळ. ती दुपार अजून पुरती संपलेली नाही असं मला वाटतं.

ते उठले तशी तिनं विचारलं, “आबा, लागला का डोळा?”

“लागला की. घर गार हाय तुझं.”

घर म्हणाला. आत पाऊल टाकलं नाही, तरी घर म्हणाला. दिवे लागेपर्यंत तिनं मला ते कितीदा ऐकवलं.

राहिलेल्या फळ्या वाळल्यावर तिनं रंगवल्या. त्यांचा रंग वेगळाच बसला, गडद. पुढं घर पक्कं झालं, ओटा तेवढा तिनं मोडू दिला नाही.

आता दुपारी मी त्या गडद फळ्यांवर लवंडतो, उंबऱ्याकडं तोंड करून. डोळा लागतो. जाग येते तेव्हा तोंडावर माशा बसलेल्या असतात.