खांबावर कोण आहे

तामलवाडीत उत्तरेश्वर वायरमनची ओळख विचारली तर लोक त्याचं काम सांगत नाहीत, त्याचा खिसा सांगतात. शर्टाच्या डाव्या खिशात कायम एक छोटी वही, वहीला सुतळी, सुतळीला बॉलपेन. स्टँडवर बसलेली रिकामी मंडळी त्याला बघून म्हणतात, "तलाठी आले बघा, उठा." म्हणू देत. त्यातल्या प्रत्येकाच्या विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उत्तरेश्वरच्याच हातचा आहे, आणि वीज कंपनीचा लाईनमन गावात येईपर्यंत दोन वेळा दिवस मावळतो हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

लहानपणी त्याला इसरभोळ्या म्हणायचे. हा शब्द फारच मऊ झाला. सायकल घेऊन दुकानात गेलेला पोरगा चालत घरी यायचा आणि सायकल कुठं ठेवली ते रात्रीपर्यंत आठवायचं नाही. मोठेपणी तुळजापूरला सामान आणायला निघाला की वाटेत कुणाचातरी बंद पंखा उघडून बसायचा आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं परतायचा. पण पंख्यात एकदा शिरला की शिरला. शेजारी ढोल बडवला तरी मान वर होत नसे. मास्तरांनी छड्या दिल्या, आई कमलबाईनं अंगारे लावले, भावकीनं बावळट ठरवलं. डॉक्टरकडं कुणी नेलं नाही. मोडलेला पाय दिसतो, हे दिसत नाही, एवढाच फरक.

मग ते झालं. त्याचा जोडीदार बंडप्पा, वयानं मोठा, खांबावर चढण्यात पटाईत. एकदा बंडप्पा वर तारेशी असताना खाली डीपीपाशी, म्हणजे लाईनीच्या फ्यूजपेटीपाशी, थांबलेल्या उत्तरेश्वरनं फ्यूज घातले. वर माणूस आहे हे त्याच्या डोक्यातून पार गेलं होतं. बंडप्पा नांगरलेल्या रानात फेकला गेला म्हणून वाचला. तळहात भाजला, दंडाचं हाड मोडलं. पोलिसात जा असं सांगणारे पुष्कळ होते. बंडप्पा गेला नाही. दवाखान्याच्या खाटेवरून तो एवढंच बोलला, "तू मला मारायचं म्हनून घातला न्हाईस. तुझ्या ध्यानातच न्हवतं. म्हंजे डोक्यात कायतरी हाय. दाखवून ये, न्हायतर माझ्या दारात पाय ठिऊ नगंस."

सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं. शाळेपासूनचं सगळं विचारलं. मग नाव सांगितलं, एडीएचडी. म्हणाल्या, "तुम्हाला लक्ष नाही असं नाही. लक्ष भरपूर आहे. ते कुठं लावायचं आणि कधी काढायचं, ते मात्र तुमच्या हातात नाही." गोळ्या दिल्या. आणि बजावलं, की डोक्यावर भरवसा ठेवू नका, कागदावर ठेवा.

कागद तरी सरळ वागतोय का. आधी मोबाईलचा गजर लावून पाहिला. गजर बंद करायला फोन हातात घेतला की बोट भलतीकडंच जायचं. मग खताच्या दुकानानं वाटलेली जाडजूड डायरी आणली, तिच्यात रंगीत पेनानं रेघा मारल्या, आठवडाभर मिरवली आणि ती पाण्याच्या टाकीवर भिजून फुगली. शेवटी खिशात मावणारी वही धरली. डावं पान म्हणजे हातातलं काम, त्यावर एकच ओळ. उजवं पान म्हणजे मागून करायचं. मधेच कुणी हाक मारली की ती उजवीकडं लिहायची, जायचं नाही. आणि खांबाचं काम असलं की कोरं पान. त्यावर मोठ्या अक्षरात "खांबावर बंडप्पा". काम झालं की बंडप्पा खाली उतरून स्वतःच्या हातानं ते नाव खोडणार. नाव खोडल्याशिवाय फ्यूजला हात नाही. उत्तरेश्वरनं बंडप्पाच्या घरी जाऊन हा नियम सांगितला तेव्हाच तो परत खांबावर चढायला तयार झाला.

यंदा खंडेनवमीला कमलबाईनं सकाळी देवापुढं पाट मांडला. विळे, कुऱ्हाड, खुरपं, मुलाची पक्कड, टेस्टर, पाने, सगळं धुऊन ओळीनं ठेवलं. मग त्याच्यापुढं हात केला.

"वही दे."

"ती कशाला माय?"

"कशाला म्हंजे? औंदा तुझं पोट कशावर चाललंय? पकडीवर का? पक्कड तर मागंबी व्हती." तिनं वही घेतली, हळदीकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. "मला वाटायचं, पोरगं कागदात तोंड घालून येड्याचं सोंग करतंय. चुकलंच माझं."

दोन वर्षं ही बाई त्या वहीला नावं ठेवत आली होती. आज तिनं ती हत्यारांत बसवली. आणि तिथंच घोटाळा झाला. पूजेत ठेवलेलं हत्यार दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही. तो दिवस कुणी काम करत नाही, म्हणून चालतं. उत्तरेश्वर वही परत न मागता उठला.

दुपारी बंडप्पा दारात आला. "चल. हरिबाच्या रानात तार तुटून पडलीय. सोयाबीन काढणारी बायामाणसं हायत तिथं. आजच वढून बांधायला लागंल."

तुटलेली तार रानात पडलेली असताना नवमी सांगत बसता येत नाही. पण हत्यारं पूजेत. उत्तरेश्वरनं गाडी स्टँडवरच्या जलीलच्या वेल्डिंगच्या दुकानाकडं घातली.

जलीलनं पक्कड आणि टेस्टर काढून दिले. "लेजा. हमारे इधर पूजा नहीं, पक्कड को छुट्टी नहीं. पण परत आण बाबा, मागचा पाना अजून तुझ्याकडंच हाय."

"लिहून ठेवतो," उत्तरेश्वर सवयीनं म्हणाला आणि हात खिशाकडं गेला. खिसा रिकामा. "आठवणीनं देतो," तो म्हणाला. जलील हसला, बंडप्पाही हसला. समोर बिलबुकं पडली होती, पेन पडलं होतं. पक्कड उसनी घेणाऱ्या-देणाऱ्या तिघांपैकी एकालाही कागद मागायचं सुचलं नाही.

ओढ्याच्या कडेला डीपी. तिथून लाईन उसाच्या फडाला वळसा घालून हरिबाच्या रानात जाते. वळणापलीकडचा खांब डीपीपासून दिसत नाही. उत्तरेश्वरनं तिन्ही फ्यूज काढून पँटच्या खिशात टाकले. बंडप्पानं फोन आणि शर्ट गाडीवर ठेवला, दोरी खांद्यावर घेतली.

"इथंच थांब."

"थांबतो अप्पा. जावा."

थोडा वेळ तो खरंच थांबला. मग फडातून सोमेश आला. कडेचं रान त्याचं, वय कमी, घाई फार.

"दादा, बरं झालं भेटलाव. माझा स्टार्टर सकाळी नुसता गुणगुणत व्हता, मोटर उचलत न्हवता. हितंच हाय, खोलीत. नुसतं बगून सांगा."

"हलता येत न्हाय मला."

"दादा, ही काय खोली. हितनं डीपी दिसतंय की तुमाला."

डीपी दिसत होती, ही गोष्ट खरी. वही असती तर उजव्या पानावर "सोमेश स्टार्टर" पडलं असतं आणि तो जागचा हलला नसता. तो गेला. झाकण उघडलं. आतले पॉइंट काळे पडलेले, एकावर तर जळून खड्डा. त्यानं पॉलिशपेपर मागितला. घासता घासता स्प्रिंग ढिली दिसली. स्प्रिंग बसवताना कॉइलची तार सुटलेली सापडली. ज्याला हे कधी झालं नाही त्याला पटणार नाही, पण त्या पेटीबाहेर जगच उरलं नव्हतं. ना ऊस, ना ओढा, ना बंडप्पा.

झाकण लावून त्यानं बटण दाबलं. आवाज नाही.

"लाईटच न्हाय," सोमेश म्हणाला.

"फ्यूज माझ्याकडं हायत. चल, घालतो."

हे तो अगदी सरळ बोलला. खिशात फ्यूज होते म्हणजे त्यानंच काढले असणार, आणि काढले ते स्टार्टरसाठीच असणार. डोक्यानं जोडणी करून दिली होती. ती चुकीची आहे असं कुठंही खुपत नव्हतं.

डीपीचं दार उघडून त्यानं पहिला फ्यूज हातात घेतला आणि खाचेसमोर नेला. डावा हात त्याच वेळी छातीकडं गेला. फ्यूज घालण्याआधी पान बघायचं, ही हाताची सवय झाली होती, डोक्याला न विचारता चालणारी. बोटांना नुसतं कापड लागलं.

तो थांबला.

"घाला की," सोमेश मागून म्हणाला.

"थांब."

"काय झालं?"

काय झालं ते त्यालाच कळत नव्हतं. वही नाही. वही का नाही? माय, पाट, झेंडू. ते आठवलं. मग जलीलचं हसणं आठवलं. जलीलकडं कशाला गेलो? पक्कड. पक्कड कुठंय? त्यानं कमरेला हात लावला, पक्कड नव्हती. सोमेशच्या खोलीत राहिली का? का कुणाला दिली? डोक्यात धूळ उडावी तसं झालं आणि तो जितका धरायला जाई तितकं ते निसटत होतं. घामानं चिनीमातीचा फ्यूज बोटांत सरकायला लागला.

"दादा, लाईटीचा टाईम जाईल. तुमचं काय चाललंय?"

"पान बघितल्याबिगर घालत न्हाय म्या."

"मग बगा पान."

"पान घरी हाय."

सोमेश हसला. "लोकं म्हणत्यात ते काय खोटं न्हाय. सरका, म्या घालतो." आणि त्यानं डीपीच्या पत्र्यावर ठेवलेले दोन फ्यूज उचलले. ते तिथं कधी ठेवले हेही उत्तरेश्वरला आठवत नव्हतं.

उत्तरेश्वरनं आपल्या हातातला फ्यूज खिशात कोंबला आणि त्याचं मनगट धरलं. सोमेश तगडा, त्यानं झटकलं. उत्तरेश्वरनं दुसऱ्या हातानं त्याची कॉलर पकडली आणि दोघं डीपीच्या खांबाला घासत खाली आले. सोमेशच्या हातातला एक फ्यूज दगडावर पडून फुटला.

"डोकं फिरलंय का तुमचं? माझ्या अंगाला हात?"

"मारलंस तरी चालंल. ह्यात हात घालायचा न्हाय."

त्याच वेळी उसापलीकडून आवाज आला. म्हाताऱ्या हरिबाचा चिरका आवाज, वर मान करून ओरडावं तसा. "बंडप्पा, दोरी सोडू का धरू?"

खांबावर कोण आहे ते उत्तरेश्वरला आठवलं. तो तिथंच मातीत बसला. सोमेशनं एकदा उसाकडं पाहिलं, एकदा हातातल्या फ्यूजकडं, आणि तो फ्यूज हळूच पत्र्यावर ठेवून दिला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

उरलेले दोन्ही फ्यूज घेऊन उत्तरेश्वर फडाला वळसा घालून पळत गेला आणि बंडप्पाला खाली बोलावलं. जलीलची पक्कड बंडप्पाच्याच कमरेला होती. लपवलं असतं तर खपलं असतं, सोमेश काही स्वतःहून बोलणार नव्हता. पण त्यानं सगळं सांगितलं. फ्यूज खाचेसमोर कुठवर गेला होता, तेही बोटानं दाखवलं.

बंडप्पा बांधावर बसला. भाजलेला तळहात त्यानं मांडीवर उलटा ठेवला. तंबाखू मळायला घेतली, ती सांडली. "वही पूजेत हाय हे मला जलीलच्या दारातच कळलं व्हतं," तो म्हणाला. "आन म्या हसलो." मग त्यानं उत्तरेश्वरला, कमलबाईला, जलीलला, सोमेशच्या सात पिढ्यांना आणि स्वतःलाही शिव्या घातल्या.

हरिबानं अदबीनं विचारलं, "तारेचं कसं मग?" तार एका टोकाला बांधली होती, दुसऱ्या टोकाला दोरीवर लोंबत होती.

"म्या वर जाणार न्हाय," बंडप्पा म्हणाला.

"म्या जातो," उत्तरेश्वर म्हणाला. "तुमी डीपीपशी बसा."

"माझं डोकं जाग्यावर न्हाय आत्ता."

"माझं कधीच नसतंय अप्पा."

बंडप्पानं फ्यूज मागून घेतले आणि डीपीकडं निघून गेला.

उत्तरेश्वर खांबावर चढला. खालून हा खांब बुटका वाटायचा. वर गेल्यावर उसाचे तुरे दिसले, ओढा दिसला, डीपीचा मात्र नुसता पत्रा. पत्र्याखाली काय चाललंय, कोण कुणाशी काय बोलतंय, काही दिसत नव्हतं. सोमेशचा चढा आवाज ऐकू आला, मग दुसऱ्या कुणाचा. शब्द लागत नव्हते. एखादा हात पुढं होतोय का, हे इथून कळायला मार्ग नव्हता. बंडप्पा वर्षानुवर्षं इथं उभा राहत आला होता, आणि खाली तो होता.

त्यानं हाताची मागची बाजू तारेला लावली. गार. दोरी ओढून घेतली, तार ताणली, पीळ घातला. घाम डोळ्यांत जात होता तरी पुसायला हात सोडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं लक्ष जिथं लावायचं तिथंच लागून राहिलं.

तो डीपीपाशी आला तेव्हा बंडप्पा डीपीच्या दाराला पाठ टेकून पाय पसरून बसला होता. फ्यूज मांडीखाली. समोर सोमेश आणि आणखी दोन शेतकरी ताटकळत उभे.

"उतरलास?"

"उतरलो."

बंडप्पानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग बाजूला झाला. फुटलेल्या फ्यूजच्या जागी सोमेशनं घरून दुसरा आणला होता. उत्तरेश्वरनं तिन्ही घातले. पलीकडं सोमेशची मोटर चालू झाली. ती बघायला तो गेला नाही.

"घरी गेलो की वही काढतो," तो म्हणाला. "मायला सगळं सांगतो."

"रडंल ती."

"रडू दे. पर काढतो." मग त्यानं विचारलं, "परवा फडापलीकडचा खांब बघायचाय. येताव ना?"

बंडप्पा गाडीवर मागं बसला. रोज तो उत्तरेश्वरच्या खांद्याला धरायचा. आज त्यानं मागचा लोखंडी कॅरियर घट्ट धरला. उत्तरेश्वरनं ते आरशात पाहिलं आणि गाडी हळू काढली.