कामगारांची संख्या

आत्याच्या इस्त्रीचा चटका आयुष्यात दोनच माणसांना बसला. पहिला मला, लहानपणी, चुकून. दुसरा तिच्या दिराला, आणि तो मुळीच चुकून नव्हता.

अठरा वर्षं तिने दुसऱ्याच्या लाँड्रीत उभं राहून इस्त्री केली. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरला होता, पोटऱ्यांवर शिरांच्या गाठी आल्या होत्या आणि शर्टाची कॉलर ती डोळे मिटून करायची. मग मालकाने लाँड्री विकली. पन्नाशीच्या बाईला दुसरीकडे कोण ठेवणार? नवऱ्यामागे तिच्याकडे उरली होती फक्त रस्त्याकडे तोंड असलेली तळमजल्याची खोली. तिथेच स्वतःचं इस्त्रीचं दुकान टाकायचं, असं तिने ठरवलं.

वरच्या मजल्यावर दीर आणि जाऊ राहायचे. दीर ट्रकच्या बॉड्या बांधायचा. गल्लीत त्याला रेडा म्हणत, अर्थात त्याची पाठ वळल्यावर. त्याला ती खोली पत्रे ठेवायला हवी होती. विधवा वहिनीला रोज थोडं थोडं दमात घेतलं की खोली आपसूक मिळेल, हा त्याचा हिशोब. पण सरकारी कागदावर दुकानाची मालकीण म्हणून तिचं नाव एकदा छापून आलं की संपलं, एवढी अक्कल रेड्यालाही होती. म्हणून त्याचा राग दुकानावर नव्हता, नोंदणीवर होता.

नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने मान वर न करता अटी सांगितल्या. दारावर पाटी हवी. निरीक्षक पाहणीला येईल तेव्हा दुकान चालू हवं. आणि जागा खरोखर हिच्याच ताब्यात आहे, म्हणून एका सज्ञान शेजाऱ्याची सही हवी. यातलं काहीही कमी पडलं तर अर्ज रद्द, पुन्हा वर्षभर नाव काढायचं नाही.

"एवढंच ना?" आत्या म्हणाली.

अर्ज मी भरला. 'कामगारांची संख्या' असा रकाना होता.

"एक लिही," आत्या म्हणाली. "मीच मालकीण, मीच गडी."

पहिली पाटी रेड्याने रंग वाळायच्या आत गुडघ्यावर मोडली. दुसरी आत्याने स्क्रूने पक्की बसवली, तर त्याने ती चौकटीच्या ढलप्यासकट उपटली. आत्या धरायला गेली तेव्हा तीच पाटी तिच्या तोंडावर हाणली. दोन दात पडले. आम्ही पोलिसांत गेलो. त्यांनी चहा पाजला आणि घरातलं भांडण घरात मिटवा म्हणून सांगितलं. मला त्या चहाचा कप त्यांच्याच डोक्यात घालावासा वाटला. आत्याने मात्र येताना रंगाचा डबा घेतला आणि थेट भिंतीवर मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं, 'इस्त्री करून मिळेल'.

"आता भिंत मोड म्हणावं गुडघ्यावर," ती म्हणाली. बोलताना दातांच्या फटीतून वारा जात होता.

वरून अधूनमधून भांडी पडल्यासारखा आवाज यायचा. भांडी नसायची. जाऊ कधी खाली उतरलीच तर भिंतीकडे तोंड करून चालायची. मला तिची कीव येत नसे, चीड यायची. ही मुकाट सोसते कशाला, असं वाटायचं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि पुरती दीडशहाणी.

पाहणीच्या दिवशी निरीक्षक अकराला येणार होता. नऊ वाजता रेड्याने मीटरमधून आमची वायर उपटली. आत्याने माळ्यावरची कोळशाची जुनी इस्त्री काढली, निखारे फुलवले आणि टेबलावर चादर अंथरली.

पावणेअकराला तो हातोडा घेऊन उतरला आणि थेट भिंतीला भिडला. चार घावांत 'इस्त्री' हा शब्द प्लॅस्टरसकट खाली आला. मी त्याच्या दंडाला लोंबकळले. त्याने कोपर मागे मारलं, माझ्या नाकात काहीतरी कडकन मोडलं आणि धुतलेल्या चादरींवर रक्ताचा सडा पडला. मग हातोडा दारात टाकून तो आत शिरला. आत्याचे केस मुठीत धरून त्याने तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तिचं डोकं मागे खेचताना त्याने दुसरा पंजा आधाराला टेबलावर टेकला, आणि तेवढ्यात आत्याच्या हाताला इस्त्रीची मूठ लागली.

तिने इस्त्री मारली नाही. त्याच्या पंज्यावर ठेवली आणि दाबली, कॉलरवर दाबतात तशी.

तो जे ओरडला ते पार कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं. भाजल्या कातडीचा वास सुटला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? हातोडा तिथेच सोडून तो रस्त्यापलीकडच्या नळाकडे पळाला.

दारात निरीक्षक उभा होता. काडीसारखा माणूस, फाइल छातीशी धरलेली.

"दुकान... चालू आहे?" त्याने विचारलं.

आत्याच्या भुवईतून रक्त वाहत होतं. तिने ते बाहीने पुसलं, एक शर्ट पसरला आणि पाठीवरून इस्त्री फिरवली. "दिसतंय ना."

त्याने लिहून घेतलं. मग भिंतीकडे पाहिलं. तिथे फक्त 'करून मिळेल' एवढंच उरलं होतं. "पाटी आहे," तो पुटपुटला आणि तेही लिहिलं. "शेजाऱ्याची सही?"

समोरच्या शिंप्याने शटर ओढलं. ज्या मास्तरणीचे कपडे आत्याने वर्षानुवर्षं फुकट इस्त्री करून दिले, ती खिडकीतून मागे सरली. नळाखाली हात धरून रेडा गरजत होता, "सही करणाराचा हात तोडीन!"

आत्याने रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. एकही दार उघडलं नाही. निरीक्षकाने पेनाला टोपण लावलं.

"सहीशिवाय मला काही करता येत नाही हो, बाई."

इतक्या मारात रडली नव्हती ती आत्या तेव्हा रडली.

जिन्यावर पावलं वाजली. जाऊ होती. एक डोळा सुजून बंद झालेला, उजव्या हाताची दोन बोटं चिंधीने एकत्र बांधलेली. ती भिंतीकडे न बघता सरळ चालत आली. दारात पडलेला हातोडा तिने उचलला, आमच्या टेबलाखाली सरकवला आणि निरीक्षकापुढे डावा हात केला.

"पेन द्या. जागा ताईंचीच आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय."

"ए! वर ये, मग बघतो तुला!" पलीकडून रेडा ओरडला.

तिने डाव्या हाताने सही केली. वेडीवाकडी आली, पण पुरी झाली. निरीक्षकाने सहीवर शिक्का मारला. मग जाऊ वळली आणि जिन्याची पहिली पायरी बघत नुसतीच उभी राहिली. आता ती वर गेली तर काय होईल, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, निरीक्षकालासुद्धा.

"साहेब, अर्ज द्या जरा इकडे," आत्या म्हणाली. तिने तो माझ्यापुढे सरकवला. "तो कामगारांचा रकाना. एकाचे दोन कर."

"खाडाखोड चालत नाही," निरीक्षक म्हणाला.

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. इस्त्री अजून तिच्या हातातच होती.

"बाजूला सही करा म्हणजे चालेल," तो म्हणाला.

मी एक खोडून दोन लिहिलं. माझ्या नाकातला एक थेंब त्या रकान्यावर पडला. तो डाग नोंदणीच्या प्रतीवर काळा होऊन अजून आहे.

जाऊ म्हणाली, "ताई, मला यातलं काही येत नाही. आणि हात तर हा असा."

"टेबलाच्या आतल्या बाजूला ये," आत्या म्हणाली आणि पाण्याचं भांडं तिच्याकडे सरकवलं. "शिंपडायला डावा चालतो."