किलोभाऊंचं पावणेपाच किलो पीक

कागद कारखान्यात लॉऱ्यांच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढलेला माणूस घरी बसला, की घरातल्या कुठल्याही वस्तूला शांतता लाभत नाही. किलोभाऊंनी निवृत्तीच्या पहिल्याच महिन्यात बॅटरीवरचा छोटा काटा आणून उशा तोलल्या, चपला तोलल्या, साबणाची वडी रोज किती झिजते तेही तोललं. शेवटी बायको म्हणाली, "अहो, आता माझ्याकडे नका वळू. काटाही मोडेल आणि संसारही."

त्यांचं काम सोपं होतं. लॉरी भरून येते, रिकामी जाते. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे माल. त्या वजाबाकीवर त्यांची जेवढी श्रद्धा, तेवढी दुसऱ्या कशावर नाही. रद्दीच्या गठ्ठ्यांवर पाणी मारून वजन फुगवणारा ड्रायव्हर त्यांना फाटकातच कळायचा. "गठ्ठे वाळवून आण," ते म्हणायचे, "पाणी आमच्या नळालाही येतं." हे वाक्य त्यांनी घरी इतक्यांदा सांगितलं होतं, की बायको झोपेतही म्हणू शकली असती.

मग फोनवर एका बाईने मायक्रोग्रीन्स दाखवली. मोहरी दाट पेरायची, कोंब बोटभर झाले की कापून खायचे. किलोभाऊंनी तीन ट्रे आणले. पण ऊन येणारी खिडकी घरात एकच, आणि तिथे बायकोचं शिलाई मशीन. ती लोकांचे कपडे शिवायची. सुईत दोरा ओवायला तिला तोच उजेड लागायचा.

"दोन आठवडे देते," ती म्हणाली. "येत्या नव्हे, पुढच्या रविवारी दादा सगळ्यांना घेऊन जेवायला येतोय. आठ पानं होतील. आठही जणांना पोटभर तुमचं गवत मिळालं, तर खिडकी तुमची. नाहीतर मशीन परत जागेवर, आणि ते तुम्ही उचलायचं."

किलोभाऊंनी काम पद्धतशीर केलं. ट्रेमध्ये कोरडं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलं, तोललं, आकडा लिहिला. मोहरी पेरली, पाणी फवारलं, वर झाकण, झाकणावर वीट. तीन दिवस सगळं अंधारात राहिलं. चौथ्या दिवशी वीट काढली, तर आत पिवळी, लाजरी गर्दी उभी होती; कोंबांनी वीट डोक्यावर घेतली होती. उन्हात ठेवताच एका दिवसात ती गर्दी हिरवी झाली आणि सगळी मिळून खिडकीकडे वाकली. किलोभाऊ ते बघत उभे राहिले, चहा गार होईपर्यंत.

तिकडे दिव्याखाली शिवता शिवता बायकोने एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली.

रोज सकाळी ट्रे काट्यावर चढत. रोज वजन वाढे. शनिवारी प्रत्येक ट्रे एक किलो सहाशे ग्रॅमने भारी होता.

"तीन ट्रे. पावणेपाच किलो धर!" त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "उद्या भाजी आणू नकोस. आणि दादाला फोन करून सांग, पाच किलो पीक आहे."

"त्या फोनवरच्या बाई तर म्हणत होत्या, एका ट्रेत जेमतेम दोघांपुरतं होतं, आणि कापलं की पुन्हा फुटत नाही."

"तिच्याकडे काटा आहे का?"

"बरं. नाही आणत," बायको म्हणाली, फारच गोड आवाजात.

रविवारी सकाळी त्यांनी तिची कापडाची कात्री मागितली. तिने नजरेनेच नकार दिला आणि स्वयंपाकघरातली दिली. तिन्ही ट्रे भादरून झाले. सगळं मोठ्या पातेल्यात घालून तोललं. तीनशे दहा ग्रॅम.

किलोभाऊंनी काट्याची बॅटरी बदलली. तीनशे दहा. मिठाचा पुडा ठेवून पाहिला. पुडा बरोबर भरला. मग त्यांनी भादरलेले ट्रे काट्यावर ठेवले. ते अजून जवळपास तेवढेच जड होते. त्यांनी कोकोपीटमध्ये बोट घातलं. बोट चिंब ओलं निघालं. एकतीस वर्षं दुसऱ्यांचं पाणी पकडणाऱ्या माणसाने दहा दिवस स्वतःच्या हाताने पाणी मारलं होतं आणि त्याला पीक म्हटलं होतं.

तेवढ्यात मेहुणे कुटुंबासकट आत आले. "काय भाऊजी, पाच किलो कुठे लपवलंत?"

बुरशी लागली म्हणता आलं असतं. पण खोटं वजन त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"तीनशे दहा ग्रॅम," ते म्हणाले. "बाकी सगळं पाणी."

"गठ्ठे वाळवून आण," स्वयंपाकघरातून आवाज आला.

घर इतकं हसलं, की शेजारी डोकावले. बायकोने आदल्या दिवशीच आणून पलंगाखाली ठेवलेली भाजी बाहेर काढली. आठ पानांत एकेक मूठ मोहरीचे कोंब पडले. मेहुण्यांनी ती मूठ एकदम तोंडात टाकली. तिखट झणका थेट नाकात शिरला आणि पाणी डोळ्यांतून आलं. "आणखी आहे का?" त्यांनी विचारलं. नव्हतं.

जेवणानंतर किलोभाऊंनी मशीन उचललं आणि खिडकीशी नेऊन ठेवलं. बायको बसली, पहिल्याच फटक्यात दोरा ओवला. मग टेप काढून मशीनच्या कडेची जागा मोजली.

"एक ट्रे मावेल. दोन माणसांपुरता," ती म्हणाली. "पण काटा दादा घेऊन जाईल."

किलोभाऊंनी मिठाचा पुडा शेवटचा एकदा तोलला. मग काटा पुसून मेहुण्यांच्या हातात दिला.

दारात बूट घालता घालता मेहुण्यांनी काटा जमिनीवर टेकवला, आणि सहजच, आपला एक बूट त्यावर ठेवला.