बकऱ्यांनी आखलेली बाग

आमच्या व्याह्यांएवढा सरळ रस्त्याचा वैरी अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडणार नाही. पुसेगावला जायचं तर माणूस मोटरीत बसतो; हे सायकल घेऊन बांधाबांधाने वळसे घालत दुपारी पोचणार आणि वर म्हणणार, "सरळ रेघ कागदाची असती इवाई, जमिनीची न्हाई." जन्मभर सडकेवर मुकादमी केली, त्यानंच सरळपणाचा वीट आला असावा. मी चौथीत शाळा सोडलेला गवंडी, माझा जन्म ओळंब्याच्या सरळ दोरीत गेला. लेक त्यांच्या घरी दिली नसती तर आमचं बोलणंच झालं नसतं.

त्यांच्या घरामागे, दोन कॉलन्यांच्या मधे, एक खोल घळ आहे. पळस, सीताफळी, तळाला बारीक पाणी, आणि काठावरून लोकांनी फेकलेल्या जुन्या गाद्या. ती मुरुमानं बुजवून वर सपाट बाग करायचं नगरपालिकेत ठरलं तेव्हा व्याह्यांचं जेवण सुटलं. "बुजवल्यावर पाणी कुठं जाईल? लोकाच्या घरात?" असं म्हणत ते कचेरीत रोज जाऊन बसले. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "घळ ठेवून बाग होत असेल तर आठ दिवसांत जागेवर वाट आखून दाखवा. म्हाताऱ्या माणसाला उतरता आलं पाहिजे. नाहीतर मुरूम."

व्याह्यांनी टेपाला हात लावला नाही. शेजारच्या चाचीच्या सहा बकऱ्या मागून आणल्या. बकरी रोजच्या वाटेनं आडवी आडवी उतरते, उतार तिला इंजिनियरपेक्षा जास्त कळतो, हे त्यांचं शास्त्र. चाची दारातूनच म्हणाली, "क्या साब, मेरी बकऱ्यांकू नौकरी पे लगाए क्या?" पुढे बकऱ्या, मागे रेघ ओढत व्याही. आता रेघ चुन्याची ओढावी की नाही? पण चुन्यानं मुक्या जनावराचे पाय पोळतील म्हणून या माणसानं घरातलं ज्वारीचं पीठ घेतलं. वरपासून तळापर्यंत झकास आखणी झाली. मग बकऱ्या मागे वळल्या आणि तळापासून वरपर्यंत सगळी बाग चाटत आल्या. माझी लेक रिकामा डबा घेऊन उभी. "मामा, आता भाकरी कशाच्या करू?"

मी पोट धरून हसलो. "काहून हसून राहिले इवाई? उद्या साहेब येणार," एवढंच ते बोलले आणि दगडावर बसले. बोटानं दगडावरचं उरलंसुरलं पीठ गोळा करू लागले. मग मलाच राहवेना. "उठा. कुठून गेल्या होत्या ते दाखवा." मी खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली. बकरीला जमलं पण माणसाला जमणार नाही तिथं वळण वाढवलं, दगड रचून पायऱ्या केल्या. ते डावीकडं म्हणाले की मी उजवीकडं. दिवस बुडेस्तोवर भांडलो. दोघंही हरलो नाही, म्हणून ती वाट एवढी वाकडी आहे.

दुसऱ्या दिवशी साहेब काठावर उभे राहून म्हणाले, "बोलवा एखादं म्हातारं माणूस." व्याह्यांनी सरळ माझ्याकडे बोट केलं. वयानं ते मोठे! संताप आला, पण उतरलो. कशालाही न धरता तळाशी गेलो, पाण्यात पाय बुडवून वर आलो. साहेब हसले. मुरुमाच्या गाड्या परत गेल्या.

बाग होऊन दोन पावसाळे झाले. व्याह्यांना आता खाटेवरून उठवत नाही. मी गेलो की चहाच्या आधी विचारतात, "पाणी हाय का खाली?" म्हणून मी रोज उतरून बघतो आणि सांगतो: पाणी हाय, पळस फुलला, पोरी अभ्यासाला बसल्या हायत. माझे गुडघे कधीचेच गेलेत, पण तो विषय मी त्यांच्यापुढे काढत नाही. काढला तर म्हणतील, राहू द्या इवाई. आणि त्यांना त्यांची बाग मग कोण सांगणार?