बर्फात थांबलेलं जनावर

दादा विषमज्वराने गेला आणि देवापुढे हात जोडणं माझ्याकडून आपोआप बंद पडलं. राग नव्हता. हात कशासाठी जोडायचे, तेच कळेना. मी अमळनेरच्या शाळेत शिकवत होतो. वाचनात मन रमवायची जुनी सवय, पण त्या दिवसांत पानं नुसतीच उलटली जात.

दादाचा धुळ्याला लहानसा फोटो स्टुडिओ होता. मागे लावायला त्याने एक रंगवलेला पडदा आणला होता: बर्फाचे डोंगर आणि त्यांत एक हरीण. चिताऱ्याने बर्फ कधी पाहिला नव्हता आणि हरीणही बहुधा नाही. ते बकरीसारखं दिसे. कापूस विकून आलेली माणसं त्या हिमालयापुढे घाम पुसत बसत. दादा म्हणे, एकदा जाऊन बर्फातलं खरं जनावर टिपून आणायचं.

दहाव्याला पांझरेच्या काठी कावळा पिंडाला शिवेना. आमचे चुलते नाना पिंडापुढे उभे राहून एकेक कबूल करत गेले. सुनेला अंतर देणार नाही, स्टुडिओ बंद पडू देणार नाही. कावळे झाडावरून हलेनात. ऊन चढलं. माझा यावर विश्वास नव्हता, पण वहिनींच्या चेहऱ्याकडे बघवेना. मी पुढे होऊन म्हणालो, "दादा, बर्फातल्या जनावराचा फोटो मी काढून आणीन." कावळा उतरला. आता शब्द मोडलास तर त्याचा जीव त्यातच अडकून राहील, असं नानांनी बजावलं. ते वहिनींनीही ऐकलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी निघालो. वहिनी नरडाण्याकडच्या, घरात अहिराणीच बोलत. दादाचा कॅमेरा माझ्या हाती देताना त्या म्हणाल्या, "भाऊजी, फोटू नही व्हयना तरी चाली. तुम्ही मातर घर या."

बद्रिनाथाची कवाडं मिटायला आली होती. यात्रेकरू खाली उतरत होते आणि मी वर चढत होतो. एका चट्टीवर, म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या जागी, शेरसिंग नावाचा पहाडी गडी सोबतीला मिळाला. आम्ही रोज पहाटे ओझं घेऊन वरची कुरणं धुंडाळायचो. पायांचे ठसे दिसत, जनावर दिसत नसे. परतायचा दिवस उद्यावर आला. त्या रात्री फार गारठा पडला. आमच्याकडे थंडीत वासरूसुद्धा घरात घेतात. मीही कॅमेरा गोधडीत गुंडाळून शेकोटीजवळ निजवला.

सकाळी कड्याच्या टोकावर एक भरल, म्हणजे पहाडी रानमेंढा, उभा होता, एकटाच. राखाडी अंग, मागे वळलेली शिंगं, पोटापर्यंत बर्फ. मी तिपाई रोवली, नेम जुळवला, फोटो उमटायची काच बसवली आणि रबरी फुगा दाबला. भिंगापुढची झडप हलली नाही. उबेत धरलेला ओलावा बाहेरच्या थंडीत गोठला होता. शेरसिंग हळूच हसला. "मास्टरजी, रात को रजाई ओढ़ाई थी न? अब ये नहीं उठेगा."

मी बर्फात गुडघे टेकले. प्रार्थना म्हणावी असं काही सुचलं नाही. नारायणा, माझ्याने होत नाही, आता तुझं तू बघ, एवढंच मनात आलं.

मान वर केली तर जनावर तिथेच होतं. माझा हात डोक्यावरच्या टोपीकडे गेला. फार पूर्वी, स्टुडिओत झडप आली नव्हती तेव्हा, दादा भिंगावर टोपी धरायचा, क्षणभर बाजूला करायचा आणि पुन्हा झाकायचा. इतक्या वर्षांत ते मला आठवलंही नव्हतं. मी काच झाकली, झडप उपसून काढली, भिंगावर टोपी धरली आणि काच पुन्हा उघडली. एवढी खटपट होईतो कोणतं रानचं जनावर थांबतं? मग दादा गिऱ्हाइकांना म्हणायचा तेच माझ्या तोंडून निघालं, "जरा दम धरा. हलू नका." टोपी दूर केली, परत झाकली. भरल वळला आणि कड्याआड गेला. शेरसिंगने दोन्ही हात जोडले.

धुळ्याला वहिनींसमोरच काच धुतली. जनावर स्वच्छ उमटलं होतं, फक्त एक कान पुसट. हलला असणार, मी म्हणालो. वहिनींनी त्या कानाकडे बोट केलं.

"ऐकी ऱ्हायनं ते," त्या म्हणाल्या, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणाने रडल्या.

वारा आमच्याकडे वाहत असेल, जनावराला आमचा वास लागला नसेल. मी कोणाशी वाद घालत नाही. एवढंच जाणतो की जमेल तेवढं मी केलं, त्यात चुकलो, आणि हात टेकल्यावर जे मिळालं ते माझ्या कर्तबगारीचं नव्हतं. ज्याने त्या जनावराला तेवढा वेळ उभं केलं, त्याला माझा नमस्कार. त्याने ते का केलं, हे विचारायची गरज मला आता वाटत नाही.