लाल तारेवरची चिठ्ठी

भनपुरी म्हणजे आमच्या हिंदी मुलखातल्या शहराचा एक भाग; तिथल्या मिस्त्रीची केस मी विसरलेलो नाही. पोलिसात आरक्षक, म्हणजे शिपाई, म्हणून भरती झालो, सहायक उपनिरीक्षक होऊन रिटायर झालो. शिक्षण कमी, म्हणून जसं आठवतं तसं लिहितो. नाव कोणाचंच लिहीत नाही.

पुरानी बस्तीतल्या एका वकिलांकडे त्यांच्या आजोबांची विलायती गाडी होती. उंदरांनी तिच्या तारा कुरतडल्या होत्या, जोड गंजले होते. भनपुरीच्या एका पन्नाशीतल्या इलेक्ट्रिक मिस्त्रीनं पंधरा दिवस बसून सगळे जोड नव्यानं केले. गाडी घरी गेली. चौथ्या दिवशी चालू करताच डॅशबोर्डातून जाळ निघाला आणि ड्रायव्हरचे दोन्ही हात भाजले.

वकिलांच्या पुतण्यानं ठाण्यात फोन केला. मिस्त्रीची काकांशी बाचाबाची झाली होती, त्यानं मुद्दाम तारा उलट्या लावल्या, चिठ्ठीसुद्धा लिहून ठेवली, असं त्याचं म्हणणं.

मी वकिलांच्या घरी गेलो. बॅटरीच्या लाल तारेला पुठ्ठ्याचा तुकडा सुतळीनं बांधलेला, कडेनं करपलेला. त्यावर लिहिलेलं, 'उल्टा है, ध्यान देना.' पंचनामा करून तो जप्त केला आणि मिस्त्रीला उचलून ठाण्यात आणलं.

"ये तूने लिखा?"

"हव साहब, मैंने ही लिखा."

"उल्टा है, ये मालूम था?"

"मालूम था. उल्टा ही तो लगाना था."

जबाब लिहिणारा ठाण्याचा मुन्शी लिहिता लिहिता म्हणाला, "साहब, ये तो आदमी ही उल्टा है." मला वाटलं, कबुली मिळाली. मिस्त्रीला एक थप्पडही मारली. तो गाल धरून एवढंच म्हणाला, "एक बार गाड़ी के पास ले चलो, साहब." नेलं नाही. दोन दिवसांत त्याच्या दुकानातून लोकांनी आपापल्या गाड्या उचलून नेल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं.

"ज्याले गाडी जाळायची, तो 'ध्यान देना' कायले लिहिन?" ती म्हणाली.

"तुले काय समजते यातलं?"

"मले नाही समजत. तुमाले तरी समजलं काय? तो गाडीपाशी न्या म्हणून राहिला, तं काहून नाही नेत?"

चिडून ताटावरून उठलो. पण मिस्त्रीला घेऊन गेलो.

तो बॅटरीवर वाकला. "साहब, मैंने लाल तार बॉडी में कसा था. अब काला कसा है."

मग त्यानं समजावलं. आजच्या गाड्यांत काळी तार बॉडीला जाते, या जुन्या विलायती गाडीत लाल. कोणी चुकू नये म्हणूनच ती चिठ्ठी. आता दोन्ही तारांची अदलाबदल झाल्यामुळं डायनमोचा करंट उलटा भिडला होता. त्यानं एक जोड सोलून दाखवला. पीळ दिलेलं तांबं, वर झाळलेलं कथील, सगळं शाबूत. तार जळाली होती ती मधोमध, जोडावर नाही.

मी शेजारी उभ्या पुतण्याकडे वळलो. "बॅटरीला हात कोणी लावला?"

मराठी घरचा पोरगा, उत्तर हिंदीत. "मैंने, सर. लिखा था उल्टा है. तो मैंने सीधा कर दिया."

"मग फोनवर हे काहून नाही सांगितलं?"

"ड्राइवर का हाथ देखकर डर गया था."

त्याचं बयान नव्यानं लिहिलं. मिस्त्री सुटला. जाताना हात जोडून म्हणाला, "आपने बचा लिया." ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. ती शाबासकी मी ठेवून घेतली.

घरी बायकोनं विचारलं, "सुटला काय तो?"

"सुटला."

"अन् थापडीची माफी?"

मी ताट पुढं ओढलं.

या केसनं मला एक शिकवलं. माणूस 'हो' म्हणतो तेव्हा तो नेमकं कशाला हो म्हणतो, ते आधी विचारावं. मी विचारलं नव्हतं. कबुली हवी होती, ती ऐकून घेतली.

बायकोला जाऊन वर्ष झालं. गेल्या महिन्यात मी भनपुरीला गेलो. मिस्त्रीनं ओळखलं, स्टूल पुढं केलं. मी म्हणालो, "तुम्हें थप्पड़ मारा था. गलती मेरी थी."

"हव," तो म्हणाला. "थी."

"और छुड़ाया मैंने नहीं. मेरी घरवाली ने छुड़ाया."

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दीदी को साथ काहे नहीं लाए?"

"साल भर हो गया, वो नहीं रही," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि हातातली पक्कड खाली ठेवली.