साळवे सिस्टरांची शेवटची चिठ्ठी

आमच्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी आभाराची पाकिटं येतात. कोणाचा मुलगा पास होतो, कोणाची सून सुखरूप बाळंत होते. पाकिटात अर्पण असतं आणि सोबत कारणाची चिठ्ठी. सचिव त्या चिठ्ठ्या वेदीजवळ उभा राहून वाचतो आणि मग पाळकसाहेब सगळ्यांसाठी प्रार्थना करतात. गेली अकरा वर्षं सचिव मी आहे.

बहुतेक चिठ्ठ्या एका ओळीच्या असतात. साळवे सिस्टरांची चिठ्ठी मात्र पानभर असे. सरकारी दवाखान्यात आयुष्यभर परिचारिका म्हणून काम केलेल्या, लग्न न केलेल्या, नाना पेठेत दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या या बाईंना आभार मानायला कुठलंही कारण पुरायचं. ‘गॅसचा सिलिंडर संपला तो पाहुणे गेल्यावर, याबद्दल.’ ‘कात्रजच्या बसमध्ये एका मुलीने उठून जागा दिली आणि आजी म्हटलं नाही, याबद्दल.’ एकदा तर, ‘डाव्या गुडघ्याबद्दल. उजव्याचं पुढे पाहू.’

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मंडळी हसली. पाळकसाहेबही हसले. मला ते आवडलं नाही. उपासना गंभीर असावी आणि वेळेत संपावी, असं मला वाटायचं. विम्याच्या कचेरीत पंचवीस वर्षं काढलेला माणूस मी. कागद दिसला की त्याचा सारांश करायची सवय. मी सिस्टरांच्या चिठ्ठ्या कापू लागलो. पहिल्या शब्दांवर नजर टाकायची आणि म्हणायचं, “साळवे सिस्टर यांच्याकडून, देवाच्या उपकारांबद्दल.” झालं.

त्यांनी तक्रार केली नाही. पुढच्या रविवारी चिठ्ठी दोन ओळींनी वाढली, इतकंच. एकदा उपासनेनंतर चपला घालताना मला म्हणाल्या, “विजू, पेशंट सांगतो बरं वाटत नाही. तेवढ्यावर औषध देतात का? कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, विचारावं लागतं. आभारांचंही तसंच आहे बाबा. मोघम मानले तर कशाबद्दल ते देवाने ओळखायचं का?”

मी म्हणालो, वेळ कमी असतो, सिस्टर. त्या म्हणाल्या, “हो ना. तुला गाडी पकडायची असते.” माझं घर चर्चपासून पाच मिनिटांवर आहे.

मंडळीपुढे त्या वेळी एक काळजी होती. तरुण कुटुंबं शहराबाहेर मांजरीकडच्या नव्या इमारतींत राहायला जात होती. रविवारी इतक्या लांब मुलांना घेऊन कोण येणार? संडे स्कूलचे बाक रिकामे पडत चालले होते. वडीलमंडळाच्या, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांच्या सभेत आम्ही यावर खूप बोललो आणि काही ठरलं नाही. तिकडे दुसरं उपासनागृह बांधावं, तर जागेचे भाव ऐकूनच सगळे मागे सरत.

अशाच एका सभेत साळवे सिस्टर न बोलावता आल्या. त्यांच्या हातात कापडदुकानाची प्लास्टिकची पिशवी होती. तीतून त्यांनी कागद काढून टेबलावर ठेवले. मांजरीला नुसता ऊस होता तेव्हा त्यांनी पगारातून तिथे छोटी जागा घेऊन ठेवली होती, निवृत्तीनंतर घर बांधायला.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “आता घर बांधून त्यात राहणार कोण? पोरं तिकडे चालली आहेत, तर चर्चनेही थोडं चालावं.”

आम्ही इतके चकित झालो, की कोणाच्या तोंडून साधा आभाराचा शब्द निघाला नाही. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले होते. शेवटी मीच उठलो. एवढ्या मोठ्या दानाचे आभार असे घाईत मानणं बरं नाही, तिथे उपासनागृह उभं राहिलं की उद्घाटनाला शाल आणि मानपत्र देऊन सिस्टरांचा रीतसर सत्कार करू, असं मी सुचवलं. सगळ्यांना ते पटलं.

सिस्टरांनी चष्मा पुसला. “म्हणजे तोवर मी जगायचं, असा ठराव झाला का?”

सगळे हसले. मी इतिवृत्तात लिहिलं : आभारप्रदर्शन उद्घाटनप्रसंगी करावे.

नंतरच्या वर्षी पायाचं काम चालू असताना एका रविवारी उपासना फार लांबली. बाहेरगावचे पाहुणे बोलत राहिले होते. चिठ्ठ्यांची वेळ आली तेव्हा मागचे लोक घड्याळं पाहू लागले होते. सिस्टरांची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी लिहिलेली होती. ‘मांजरीची जागा’ एवढे दोन शब्द मी पाहिले, आणि म्हणालो, “साळवे सिस्टर यांच्याकडून, देवाच्या उपकारांबद्दल.” चिठ्ठी कोटाच्या खिशात टाकली.

त्या तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या. एरवी माझ्या या वाक्याला त्या मान हलवून हसत. त्या दिवशी नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या. बाहेर पडताना म्हणाल्या, “आज फारच लवकर आटोपलंस. घरी बिर्याणी आहे वाटतं?”

मी हसून हो म्हणालो. खरंच होती.

गुरुवारी त्यांच्या शेजारच्या कांबळे वहिनींचा फोन आला. सिस्टर गेल्या होत्या. मंगळवारी पोटाची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. वहिनी दोन दिवस एकट्या दवाखान्यात बसून होत्या. त्या रागावल्या नव्हत्या, फक्त त्यांना कळत नव्हतं. म्हणाल्या, “सिस्टर आत जाताना म्हणाल्या, रविवारी चर्चमध्ये सांगितलंय, माझी माणसं येतील. मी दाराकडे बघत होते हो.”

फोन ठेवून मी कपाटातला कोट काढला आणि खिशातली चिठ्ठी पूर्ण वाचली. त्यांनी शस्त्रक्रियेचं लिहिलं होतं. प्रार्थना मागितली होती.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, की आपल्याला त्रास नको म्हणून सिस्टरांनी आजार शेवटपर्यंत लपवला, असा त्यांचा स्वभाव. लोकांनी माना डोलावल्या. मी मूठभर माती टाकली आणि गप्प राहिलो.

गेल्या वर्षी मांजरीचं उपासनागृह उघडलं. पुढच्या सगळ्या ओळी लहान मुलांनीच भरल्या होत्या. मानपत्र घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून मी सिस्टरांची ती चिठ्ठी वाचायचं ठरवलं. घरी दोनदा वाचून पाहिली होती. पण तिथे कांबळे वहिनी समोर बसलेल्या दिसल्या, आणि अर्ध्यावर आल्यावर माझा आवाज बसला. लोकांना वाटलं मला गहिवरून आलं. मी तिथेच थांबलो. म्हणजे तीही मी कापलीच. कोणीतरी पाण्याचा पेला पुढे केला आणि पाठीवर हात ठेवला. तो हात अजून जड वाटतो.

आता मी प्रत्येक चिठ्ठी शेवटपर्यंत वाचतो. उपासना लांबते, तरुण मंडळी कुरकुरतात. पण एका चिठ्ठीचं वाचन माझ्याकडून राहिलेलं आहे. आमच्या मंडळीतले काही जण हे वाचतील, कांबळे वहिनीही कदाचित वाचतील. म्हणून ती जशीच्या तशी इथे उतरवतो :

‘मांजरीची जागा मंडळीने घेतली, त्याबद्दल मंडळीचे आभार. ती तशीच पडून राहिली असती तर एवढं कोणासाठी जमवलं, हा प्रश्न मला छळत राहिला असता. तिथे मुलं गातील, त्याबद्दल आत्ताच आभार, कारण नंतर जमेल की नाही माहीत नाही. मंगळवारी सकाळी माझं पोटाचं ऑपरेशन आहे. कितीतरी पेशंटना मी हात धरून आत नेलं, पण स्वतः जायची भीती वाटते. मंडळीने प्रार्थना करावी. जमलं तर कोणीतरी दारापर्यंत यावं. विजू, एवढी एक पूर्ण वाच.’